मागचा पडदा

काकांच्या स्टुडिओतला पडदा राजवाड्याचा होता. डाव्या अंगाला संगमरवरी खांब, त्याला लागून कठडा, कठड्यामागून वर चढत जाणारा जिना आणि लांबवर एक तळं. तळ्यात हंस आहे की बदक, यावर आम्हा भावंडांचं कधी एकमत झालं नाही. पडदा रंगवलेला होता, पण त्याला रंग नव्हते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या राखाडी छटा तेवढ्या. फोटोत दुसरं काही उतरणारच नव्हतं, मग रंग वाया कशाला घालवायचा, असा रोकडा हिशेब. पडदा फरशीला टेकायचा तिथं माणसांच्या पायांची धूळ बसून राजवाड्याला ओल आल्यासारखी दिसायची. फोटो घेताना काका तेवढा भाग चौकटीबाहेर ठेवत.

स्टुडिओ कोल्हापुरात, गंगावेशीजवळ. गिऱ्हाईक बहुतेक कष्टाचं. शाहू मिलमधले लोक, उद्यमनगरात मोल्डिंग करणारे, लेथवर उभे राहणारे, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवरचे हमाल. पगार झाला की दुसऱ्या दिवशी बाकावर जागा नसायची. खुंटीला स्टुडिओचा काळा कोट टांगलेला असे. तो पाठीला मधोमध उसवून आत बंद लावले होते. हडकुळा माणूस आला की बंद आवळायचे, थोराड आला की सैल सोडायचे. समोरून मात्र कोट कुणालाही बेतून शिवल्यासारखा बसायचा. खाली धोतर असो की लेंगा, फोटो छातीपर्यंतच.

काकांचं खरं कसब दिसायचं ते खिडकीपाशी. तिथं एक तिरकं मेज होतं, मधे दुधी काच, खाली आरसा. आरशावरून उजेड वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. कठीण शिशाची पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून काका तिला सुईसारखं टोक काढत आणि त्या टोकानं निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके भरत बसत. निगेटिव्हचा न्याय उलटा. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पारदर्शक दिसतो, त्यात शिसं भरलं की छापताना तो उजळून त्वचेत मिसळतो. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळाच्या आठ्या, सगळं असं भरून निघायचं.

एकदा फाऊंड्रीतला एक मोल्डर आला. ओतकाम करताना उडालेल्या लोखंडाच्या थेंबानं गालावर चवलीएवढा डाग पडलेला. तो काकांना म्हणाला, "हे तेवढं घालवा की. पोरगी बघायला जायचंय."

"जातंय," काका म्हणाले. "पोरगीनं समोर बघितल्यावर काय करणार?"

"समोर बघंपर्यंत ठरलेलं असतंय हो."

तो हसला, काकाही हसले. काचेवर त्याचा गाल अर्ध्या तासात कोरा झाला. काकांनी अशा किती चेहऱ्यांवरची भट्टी पुसली असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आजही फारसं वाटत नाही. पण पुढं कॉलेजच्या ग्रंथालयात लुईस हाईनच्या फोटोंचं एक जाड पुस्तक हाताला लागलं आणि तो पडदा, तो कोट, ती पेन्सिल यांच्याकडं मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

हाईन अमेरिकेतला. जन्म १८७४चा. न्यूयॉर्कच्या शाळेत मास्तर होता आणि कॅमेरा त्यानं हातात घेतला तो शिकवण्याचं साधन म्हणून. १९०४ पासून तो न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर जायला लागला. युरोपातून बोटी भरभरून माणसं येत होती. १८९२ ते १९५४ या काळात त्या एका बेटावरून सुमारे एक कोटी वीस लाख माणसं अमेरिकेत शिरली. त्या गर्दीत पेटीएवढा कॅमेरा, तिकाटणं, काचेच्या प्लेटा आणि उजेडासाठी पेटवायची पूड घेऊन हा माणूस उभा. समोरच्याची भाषा येत नाही, पुढच्या माणसानं ढकलायच्या आत फोटो घ्यायचा. पूड भडकली की धुराचा लोट उठायचा. म्हणजे संधी एकच. १९०८ मध्ये मास्तरकी सोडून तो बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या नोकरीत गेला आणि सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, डबाबंद मासळीच्या शेड असं सगळीकडं फिरला. कारखान्यात कोण घेणार आत? मग कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला, कधी आगीपासूनच्या बंदोबस्ताची तपासणी करणारा, अशी सोंगं. खिशात वही. खिशातल्या खिशात, न बघता त्यात लिहायचं.

त्या पुस्तकातला एक फोटो मी काकांना दाखवायला नेला. १९०८चा डिसेंबर, नॉर्थ कॅरोलायनातली व्हिटनेल नावाची सूतगिरणी. एका बाजूला चात्यांची लांबच लांब रांग, दुसऱ्या बाजूला खिडक्या आणि मधल्या बोळात एक मुलगी. मळका झगा, अंगावर कापसाचा भुसा. ती थेट आपल्याकडं बघते.

काकांनी आधी उजेड बघितला. मग म्हणाले, "पोरीला जागा बघून उभं केलंय. खाली काय लिहिलंय?"

मी वाचून मराठीत सांगितलं. उंची एक्कावन्न इंच. गिरणीत वर्ष झालं. कधी कधी रात्रपाळी करते. यंत्रांच्या चार बाजू सांभाळते, दिवसाला ४८ सेंट मिळतात. वय विचारलं तर अडखळली, आठवत नाही म्हणाली, मग हळूच म्हणाली की कामाला लागण्याएवढं वय नाही माझं, पण करते.

"उंची कशाला? चौकीत लिहितात तशी?"

उंची का, ते मला पुढं कळलं. वयाचा दाखला खोटा मिळायचा. आईबापच मुलीचं वय वाढवून सांगायचे, मालक मान डोलवायचा. उंचीला खोटं बोलता येत नाही. हाईननं आपल्या बंडीचं प्रत्येक बटण जमिनीपासून किती इंचांवर येतं ते पाठ करून ठेवलं होतं. मुलगी शेजारी उभी राहिली की तिचं डोकं कुठल्या बटणाला लागतं, एवढंच बघायचं. टेप नको, संशय नको. अशी पाच हजारांहून जास्त छायाचित्रं त्यानं समितीसाठी काढली आणि बहुतेकांखाली असा मजकूर जोडला. त्याच्या जोरावर १९१६ मध्ये कायदा झाला, १९१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. तोवर ती मुलगी चाळिशीला आली असणार. आपल्याकडची स्थिती याहून बरी होती असं कुणी समजू नये. ती मुलगी कॅमेऱ्याकडं बघत होती तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत १८९१चा कायदा लागू होता आणि त्याप्रमाणे नवव्या वर्षी मूल कामाला लावणं कायदेशीर होतं. चौदा पुरेपर्यंत दिवसाला सात तास.

काकांनी पुस्तक मिटून परत दिलं. म्हणाले, "पडदा आहेच की."

तेव्हा मला ते चेष्टेनं म्हटल्यासारखं वाटलं. मग मी ते फोटो पुन्हा पुन्हा बघितले. हाईनची मुलं काम करताना फारशी दिसतच नाहीत. ती काम थांबवून उभी राहिलेली असतात. त्यांच्यामागं यंत्र असतं, दूरवर निमुळतं होत गेलेलं, माणसाला बुटकं करणारं. ते यंत्र त्यानं निवडलेलं आहे, कॅमेरा किती उंचीवर ठेवायचा ते ठरवलेलं आहे. त्यानंही मागं एक पडदा सोडलाय, फक्त तो कापडाचा नाही. मग काकांत आणि त्याच्यात फरक कुठं? काकांचं गिऱ्हाईक पैसे मोजून आपला पडदा निवडायचं. त्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं.

आणि खालची ओळ. तिथं हाईन काकांच्या पुष्कळ पुढं गेला. पण सगळीकडं नाही, हेही सांगितलं पाहिजे. एलिस बेटावरच्या त्याच्या फोटोंखाली नावं नाहीत. इटालियन कुटुंब, रशियन ज्यू बाई, स्लाव्ह आई, असं. एका बाईला तर त्यानं मॅडोना करून टाकलंय. बेटावर तो माणसं दाखवत होता. गिरणीत तो पुरावा गोळा करत होता. पुराव्याला नाव लागतं, गाव लागतं, तारीख लागते. साऊथ कॅरोलायनातल्या लँकेस्टरच्या गिरणीतली सेडी फायफर आपल्याला नावानिशी माहीत आहे, अठ्ठेचाळीस इंच उंच, कामावर सहा महिने झालेली. व्हिटनेलच्या मुलीचं नाव मात्र हाईनच्या ओळीत नाही. तिनं सांगितलं नाही की विचारायला सवड मिळाली नाही, कोण जाणे.

त्याच्याआधीचा जेकब रीस मला मनापासून आवडत नाही. तो स्वतः डेन्मार्कहून १८७० मध्ये आलेला स्थलांतरित. पोलिसांच्या बातम्या देणारा पत्रकार झाला आणि रात्री-अपरात्री न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत शिरून मॅग्नेशियमची पूड भडकवून फोटो काढू लागला. १८९०चं त्याचं पुस्तक गाजलं, त्यानं डोळे उघडले, घरांचे कायदे बदलायला हातभार लागला, सगळं खरं. पण त्या फोटोंतल्या माणसांचे डोळे बघा. झोपेतून दचकून उठलेले. पूड पेटवताना या गृहस्थानं एकदोनदा खोलीलाच आग लावली होती, आणि ते त्यानंच सांगून ठेवलंय. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्याविषयी जातीजमातीच्या ठोकळ्यांत बोलायचं, ही खोडही त्याला होती. हा ज्यू असा, तो चिनी तसा.

ती खोड आपल्याकडं त्याच्याही आधी आली होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजीही तिच्यात होते. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत मुंबईतल्या रहिवाशांचा आणि बाहेरून आलेल्यांचा चित्रसंग्रह काढला. बाहेरून आलेल्यांचा, हे त्याच्या नावातच होतं. म्हणजे स्थलांतरितांचे फोटो काढायला मुंबईनं न्यूयॉर्कच्या कितीतरी आधी सुरुवात केली म्हणायची. पण जॉन्सनची तऱ्हा बघण्यासारखी आहे. माणसांचे फोटो वेगळे घ्यायचे, देवळाचा, रस्त्याचा, समुद्राचा फोटो वेगळा घ्यायचा आणि छापताना दोन्ही जोडायचे. माणूस जिथं कधी उभा राहिला नाही तिथं उभा. आणि खाली जात. नाव कुणाचंच नाही. मग सरकारनं १८६८ ते १८७५ मध्ये आठ खंडांत अख्ख्या हिंदुस्थानातल्या जातीजमातींचं चित्रमय बाड काढलं, तेही याच चालीवर.

रीसचं पुस्तक आलं त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांना यश येऊन गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांच्या हातात फोटो नव्हता. ते चालवत त्या 'दीनबंधू'सारख्या पत्राला छायाचित्र छापणं परवडण्यातलं नव्हतं. त्यांच्याकडं काय होतं? मजकूर, सभा आणि अर्ज. १८८४च्या अर्जावर पाच हजारांवर कामगारांच्या सह्या होत्या. त्यात अंगठे किती असतील ते सोडा. पण प्रत्येक अंगठ्याशेजारी कुणाचं तरी नाव लिहिलेलं असणार. चेहऱ्याशिवाय नावं, असा तो लोखंड्यांचा फोटो. जॉन्सनच्या बरोब्बर उलटा.

कोल्हापूरनं कॅमेरा घरी आणला तो वेगळ्या वाटेनं. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजमहाल, अरण्य, रस्ता, नदी. पडदा रंगवणारे म्हणून पेंटर हे आडनावच होऊन बसलं. सिनेमा बघितला आणि त्याच्या यंत्राचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांच्या साथीनं इथंच, कोल्हापुरातच कॅमेरा उभा केला. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आला. आणि पडद्याच्या या कारागिरानं पहिल्यांदा काय केलं, तर पडदे काढून टाकले. रंगवलेल्या कापडापुढं माणसं नाचवायच्या दिवसांत त्यानं खरीखुरी लांबी-रुंदी-उंची असलेले सेट बांधले.

१९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. देव नाही, राक्षस नाही, चमत्कार नाही. एक शेतकरी, त्याची जमीन, सावकाराचे कागद आणि जमीन गेल्यावर शहराची वाट. तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. कथेच्या शेवटी तो गिरणीत मजूर होतो. मला या चित्रपटाचं अप्रूप आहे ते इथं. हाईननं बोटीतून उतरलेली माणसं टिपली, नंतर गिरणीतली टिपली. मधली गोष्ट, गाव कसं सुटलं ती, फोटोत येत नाही. एका चौकटीत ती मावतच नाही. कोल्हापूरच्या माणसानं ती हलत्या चित्रात सांगितली. मूकपटाची प्रत आता नाही. काही स्थिरचित्रं तेवढी राहिली. त्याच कथेवर बाबूरावांनीच १९३६ मध्ये बोलपट केला. त्यातलं काळोखातलं एकलं खोपटं आणि रडणारं कुत्रं ज्यांनी बघितलं ते ती आठवण आयुष्यभर सांगत राहिले.

जमीन सुटून शहराकडं जाणारे आमच्या जिल्ह्यात काही कमी नव्हते. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापडाच्या गिरणीची कोनशिला बसवली, इचलकरंजीत माग आले, पुढं उद्यमनगरात तेलाची इंजिनं ओतली जाऊ लागली. पण आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी या डोंगराळ पट्ट्यातली माणसं मुंबई धरायची. परळ-लालबागला गावाच्या नावाची खोली असायची, वळकट्या भिंतीला, पाळ्या बदलतील तशी माणसं झोपायची. त्या खोलीचा फोटो कुणाच्या घरी नाही. घरी आहे तो स्टुडिओतला. भुदरगडात एका घरी मी असा एक बघितला. कोट, हाताशी गोल टेबल, टेबलावर कागदी फुलं, मागं संगमरवरी खांब. मी त्या म्हातारीला विचारलं, गिरणीतला एखादा फोटो आहे का?

"तिथला कशाला पाठवंल? आम्हास्नी घोर लावायला?"

फोटो घरी पोचायचा तो पत्राच्या जागी. वाचता येत नसलं तरी बघता यायचं. अंगानं भरलाय की वाळलाय, डोळे खोल गेलेत का, एवढं आई एका नजरेत वाचायची. म्हणून तर कोट, म्हणून तर पेन्सिल. माणूस परमुलखात काय सोसतोय ते जगाला कळावं, ही हाईनची तळमळ. ते निदान घरी तरी कळू नये, ही त्या माणसाची. यातलं खोटं कुठलं म्हणायचं? मला ते ठरवता येत नाही, आणि ज्यांना चटकन ठरवता येतं त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही.

कोल्हापूरच्या वेशीवर एक तिसरी तऱ्हाही होऊन गेली. १९४३ मध्ये वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी वसली. सोव्हिएत रशियात हद्दपार केलेली, तिथून सुटून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, नाटकाची जागा, बाजार, सगळं उभं राहिलं. १९४८ पर्यंत ती पांगली. त्या दिवसांचे फोटो त्यांनी जिवापाड सांभाळले आणि पुढं आठवणींच्या जाड ग्रंथात छापले. शाळेचे वर्ग, बालवीर, मिरवणुका. त्यांच्यामागं बराकच असते आणि ती झाकायची खटपट कुणी केलेली दिसत नाही. मला वाटतं, बराक सगळ्यांचीच होती, म्हणून तिची लाज कुणाची एकट्याची नव्हती; आणि तिथून जायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यानंतर त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. त्यांनी जायचं नाही असं ठरवलं. आज तिथं गांधीनगरची कापडपेठ आहे आणि अख्खा दक्षिण महाराष्ट्र लग्नाचा बस्ता बांधायला तिथं जातो. २०१९ मध्ये काही वयस्क पोलिश मंडळी वळिवडं बघायला परत आली होती. लहानपणी ज्या अंगणात फोटो काढला ते अंगण ती शोधत होती.

आता आमच्याकडं बाहेरून येतात ते दोन प्रकारचे लोक. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाशेजारी खोपी पडतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई, हा फोटो दर हंगामात वर्तमानपत्रात येतो. तो मीही काढलाय. संध्याकाळचा तिरका उजेड, वाढ्यांची हिरवी झालर, ताणलेली मान, सगळं जमून येतं. इतकं जमून येतं की आता त्या बाईच्या जागी कुठलीही बाई चालते. खाली ओळ ठरलेली: ऊसतोड मजूर, कोल्हापूर जिल्हा. दीडशे वर्षांपूर्वीच्या जॉन्सनपेक्षा आपण किती पुढं आलो? छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले तेव्हा ते त्यांच्या घरांपर्यंत, त्यांच्या बायकामुलांपर्यंत गेले. तेवढं चालणं आमच्यापैकी फार थोड्यांना जमतं. मोळीचा फोटो अर्ध्या तासात होतो.

दुसरे लोक म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाऊंड्र्यांत काम करणारे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे तरुण. अशा एका शेडमध्ये मला फोटो काढायची परवानगी मिळाली. फेटलिंगचा विभाग. साच्यातून काढलेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासायच्या. पंचविशीचा एक मुलगा इंजिनाचा भाग घासत होता आणि ठिणग्यांचा मोठा पिसारा त्याच्या गुडघ्यापासून भिंतीपर्यंत पसरला होता. शटर संथ ठेवला तेव्हा प्रत्येक ठिणगीची रेघ झाली. आतापर्यंतच्या माझ्या चांगल्या फोटोंपैकी तो एक आहे. पाळी संपल्यावर मी त्याला तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्यानं तोंडाचा गमछा सोडला, गॉगल वर केला, बराच वेळ बघितलं.

"अच्छा है," तो म्हणाला. "इसमें मैं कहाँ हूँ?"

खरंच नव्हता. गॉगल, गमछा, टोपी, त्यावर धूळ. ठिणग्या होत्या, यंत्र होतं, झुकलेली पाठ होती. काका असते तर म्हणाले असते, पडदा चांगला आलाय, माणूस राहिला.

त्यानंच मग सुट्टीच्या दिवशी रंकाळ्यावर बोलावलं. धुतलेली जीन्स, पांढरा शर्ट, शर्टाला अडकवलेला चष्मा. जागा त्यानं ठरवून ठेवली होती. मागं पाणी आणि पाण्यापलीकडं शालिनी पॅलेसचा मनोरा बरोबर खांद्यावर आला पाहिजे. दोन पावलं डावीकडं, हनुवटी थोडी खाली, एवढंच मी सांगितलं. बाकी तो तयार होऊनच आला होता. गालाच्या हाडाशी एक ताजा चट्टा होता. मोबाइलमध्ये तो घालवायचं बटण असतं. ते कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं, त्यानं दाखवलं.

दोन्ही फोटोंच्या मागं लिहायचं म्हणून मी त्याला नाव, गाव, वय, कामाला किती वर्षं झाली, सगळं विचारलं. उंचीही विचारली, तेव्हा तो हसला आणि पोलीस भरतीत मोजली होती ती सेंटिमीटरमध्ये सांगितली. दीड सेंटिमीटरनं नोकरी हुकली होती. मी हे कुठंतरी छापलं तर चालेल का?

"फोटो छापो. नाम मत छापना. घर पे बोला है, सुपरवाइज़र हूँ."

म्हणून ते नाव इथं नाही. फोटोंच्या मागं आहे, शाईनं, गाव-जिल्ह्यासकट. दोन्ही फोटोंच्या दोन-दोन प्रती काढल्या. रंकाळ्याचा गावी गेला. ठिणग्यांचा त्यानं स्वतःजवळ ठेवला, खोलीतल्या बाकीच्यांना दाखवायला. त्यांनी तो लगेच ओळखला म्हणे. डावा पाय असा वाकडा टाकून दुसरं कुणी उभं राहत नाही. आता त्या चौघांनाही रंकाळ्यावर फोटो पाहिजेत. पुढच्या सुट्टीला सकाळी सातलाच यायला सांगितलंय. आठनंतर ऊन थेट तोंडावर येतं आणि डोळे मिटतात.